बार्लीवाईन कशी चाखायची? भरीत पार्टीत दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली की यावलकडच्या आमच्या शेतात भरीत पार्टी असते, आणि गेली काही वर्षं मामेभाऊ बाहेरदेशातून येताना बार्लीवाईनच्या बाटल्या घेऊन येतो. बाटल्या चार, माणसं आठ, आणि प्रश्न दरवर्षी तेच. तुरकाठ्यांवर वांगी भाजत भाजत तेच तेच सांगून माझा घसा बसतो, म्हणून यंदा एकदाच लिहून टाकलं. ज्याला प्रश्न पडेल त्याने आधी हे वाचायचं, मग मला हाक मारायची.

भाऊ, ही वाईन आहे का बिअर?

बिअर. आपल्याकडे वाईन शॉपात वाईन सोडून सगळं विकतात ना, तसंच हे, नावात वाईन आणि आत द्राक्षाचा एक मणी नाही. बार्ली म्हणजे आपला जव, सातू. तो भिजवून मोड आणायचे, वाळवायचा, की झाला माल्ट, आणि त्या माल्टपासूनच ही बनते, वर हॉप्स (एका वेलीची कडू, वासाची फुलं) आणि यीस्ट, बाकी पाणी. वाईन म्हणायचं कारण एवढंच की ताकद वाईनच्या आसपास जाते आणि प्यायची पद्धत पण तशीच, थोडी थोडी. इंग्लंडात बर्टन-ऑन-ट्रेंट म्हणून गाव आहे, तिथल्या बास कंपनीची 'नंबर वन' ही या नावाने विकल्या गेलेल्या पहिल्या बिअरपैकी एक. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कंपनीने १९७५ साली 'ओल्ड फॉगहॉर्न' काढली तेव्हापासून तिकडे हे खूळ सुरू झालं. तिकडच्या लेबलवर 'बार्लीवाईन स्टाईल एल' (एल हा बिअरचाच एक प्रकार) असं लांबलचक लिहिलेलं दिसतं, कोणी द्राक्षाची समजून घेऊ नये म्हणून.

किती चढते?

हा प्रश्न पहिला यायला पाहिजे होता पण लोक लाजतात.

साधारण ८ ते १२ टक्के अल्कोहोल. हिशोब करून दाखवतो. १० टक्केवाली ३३० मिलीची छोटी बाटली घ्या, त्यात ३३ मिली शुद्ध अल्कोहोल. आपली व्हिस्की ४२.८ टक्के, म्हणजे ३० च्या छोट्या पेगात १३ मिलीला जरा कमी. म्हणजे ती इवलीशी बाटली अडीच छोट्या पेगांएवढी, नाहीतर ५ टक्क्यांच्या माइल्डची अख्खी ६५० ची बाटली एवढी. आणि गोडसर असल्यामुळे जिभेला कळत नाही. पहिल्या वर्षी आमच्यातल्या एकाने "हाई बिअर शे का काकवी शे" म्हणत सरबतासारखी दोन ग्लास ओढली आणि नंतर भरीत न खाताच बाजेवर झोपला. त्याच्या वाटचं भरीत आम्ही खाल्लं, तो भाग वेगळा.

माणशी १०० ते १२० मिली पुरे. तेवढ्याला पाऊण तास लावायचा.

मग आपल्या स्ट्राँग बिअरमध्ये आणि हिच्यात फरक काय, ती पण कडकच की?

आपल्या बऱ्याच स्ट्राँग बिअरमध्ये माल्टसोबत तांदूळ, मका नाहीतर साखर वापरतात, त्याने अल्कोहोल वाढतं पण अंग वाढत नाही, बिअर पातळच राहते, म्हणून तर बर्फासारखी गार करून पटापट संपवतो आपण. कोमट झाली की प्यायला जीवावर येतं. बार्लीवाईनचं उलटं आहे, कोमट होत जाईल तशी उघडत जाते.

एवढी ताकद येते कुठून? वरून स्पिरिट घालतात का?

नाही हो. एक थेंब पण नाही. सगळी ताकद माल्टच्या साखरेची.

समजा बासुंदी करताय. दूध तेच, पण किती आटवलं त्यावर सगळं. माल्ट गरम पाण्यात भिजवला की गोड रस निघतो. पहिल्यांदा निथळतो तो एकदम दाट, नंतर पाणी टाकून टाकून काढला की पातळ होत जातो, चहाच्या त्याच पत्तीवर दुसरं पाणी टाकल्यासारखं. बार्लीवाईनला तो पहिला दाट रस लागतो. लंडनची फुलर्स कंपनी तर एकाच घाणीच्या वेगवेगळ्या रसांतून जड, मध्यम, हलकी अशा बिअर काढायची, 'गोल्डन प्राईड' ही त्यातली ८.५ टक्केवाली जड. मग हा रस तासन् तास उकळतात, त्यात पाणी उडतं आणि रंग गडद होतो, गुऱ्हाळाच्या कढईत होतो ना तसा. लिटरभर पाण्याचं वजन १००० ग्रॅम. साध्या बिअरचा रस लिटरला १०५० ग्रॅमच्या आत-बाहेर भरतो, बार्लीवाईनचा १०८० पासून ते पार ११२० पर्यंत. ते जे जास्तीचं वजन आहे ते मुख्यतः साखरेमुळे, यीस्ट तिला खाऊन अल्कोहोल करतं. पण अल्कोहोल वाढलं की यीस्ट स्वतःच बेजार होतं, शेवटची साखर त्याला जात नाही, ती आत राहते, म्हणून बिअर जाड आणि गोड लागते. आणि एवढं झाल्यावर लगेच पिता येत नाही, कच्ची असते, महिनोन् महिने मुरवावी लागते. लोणच्यासारखं.

इंग्लिश आणि अमेरिकन असं काय वेगळं असतं?

इंग्लिशमध्ये माल्ट पुढे, टॉफी, खजूर, मनुका, जरा जुनाट लाकडाचा वास, कडूपणा फक्त गोडाला आवर घालण्यापुरता. अमेरिकनमध्ये हॉप्स सढळ हाताने, संत्र्याची साल, राळ, कडूपणा घशाच्या मागे बसून राहतो. सिएरा नेवाडाची 'बिगफूट' १९८३ पासून येते, ९.६ टक्के, ती ताजी प्यायलात तर कारलं आठवेल. मला विचाराल तर आपल्या माणसाने सुरुवात इंग्लिशने करावी. गूळ-शेंगदाण्यावर वाढलेली जीभ आहे आपली, तिला ते पटकन ओळखीचं लागतं.

ग्लास कुठला?

वर निमुळता होत जाणारा. ब्रँडीचा गोल ग्लास असेल तर उत्तम, नाहीतर वाईनचा. तिसरा हिस्सा भरायचा, वरची जागा वासासाठी मोकळी. स्टीलचा पेला नको, त्यात रंग दिसत नाही. कटिंग चहाचा ग्लास मापाला बरोबर आहे पण वास सगळा उडून जातो. आणि ग्लास भांड्यांच्या साबणाने धुवून तसाच आणू नका रे, साध्या पाण्याने तीनदा खळखळून धुवा, तेलाचा हात लागला तरी फेस बसतो. मागच्या वर्षी एका ग्लासला लसणाचा वास होता, आणि वरून मलाच विचारतात की बिअरला लसूण कसा काय.

किती थंड पाहिजे?

१० ते १३ डिग्री. फ्रिजमधली ४-५ डिग्रीची बाटली थेट ओतली तर जीभ बधिर होते आणि फक्त गोड-कडू कळतं, बाकी सगळं झोपलेलं. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. जानेवारीत आमच्या शेतात रात्री पारा दहाच्या आसपास असतोच, म्हणून मी बाटल्या नुसत्या विहिरीच्या कठड्यावर ठेवतो, फ्रिजचं काम निसर्ग करतो. हीच बाटली मे महिन्यात काढलीत तर ग्लासात ओतेपर्यंत चहा होईल. भुसावळचा मे काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

चाखायची म्हणजे नक्की काय करायचं?

आधी विड्या, तंबाखू, गुटखा बंद. अर्धा तास आधी. तोंडात चुना असताना तुम्हाला खजुराचा वास येणार नाही, कितीही महागाची बिअर असो.

मग ओता, हळू, ग्लास तिरका धरून. बाटलीत तळाला गाळ असेल तर शेवटचं बोटभर राहू द्या, तो यीस्ट आहे, विषारी नाही पण चव गढूळ करतो. फेस थोडाच येतो आणि लवकर बसतो, बिअर शिळी आहे असं समजू नका, एवढ्या अल्कोहोलमध्ये फेस टिकत नाही. ग्लास कंदिलासमोर नाहीतर मोबाईलच्या टॉर्चसमोर धरा, वरून काळी दिसते पण कडेला लालसर झाक दिसेल, डाळिंबाच्या रसासारखी. ग्लास हळूच फिरवला की काचेवरून थेंब ओघळताना दिसतात. अल्कोहोल पाण्याआधी उडतं आणि काचेवरच्या पातळ थराचा ताण बदलतो म्हणून ते होतं. चवीशी संबंध नाही, पण बघायला छान वाटतं.

वास घेताना नाक एकदम आत घालू नका, अल्कोहोल नाकात झणकन जातं आणि पुढची पाच मिनिटं काही कळत नाही. ग्लास हनुवटीपाशी धरा, एक छोटा वास, मग जवळ आणा, अजून एक. थांबा. पुन्हा. एका दमात ओढण्यापेक्षा असे तुटक तुटक वास घेतले की जास्त कळतं.

मग घोट, चमचाभर. लगेच गिळायचं नाही, जिभेवर सगळीकडे फिरवायचं, आणि गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकातून श्वास सोडायचा. खरी चव तिथे आहे, अर्ध्याहून जास्त गोष्टी जिभेला कळत नाहीत, त्या घशाच्या मागून नाकात जातात. विश्वास नसेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या, नुसतं गोड आणि कडू लागेल. मग नाक सोडा. दरवर्षी कोणीतरी "अरे!" म्हणतंच.

पहिल्या घोटावर मत द्यायचं नाही. पहिल्या घोटाला जीभ दचकलेली असते, दुसऱ्याला सावरते, तिसऱ्यापासून बोला. मग ग्लास तळव्यात धरून गप्पा मारा, हाताच्या उबेने बिअर गरम होते आणि दर दहा मिनिटांनी वेगळी लागते. माझं तर म्हणणं असं की शेवटचे दोन घोट सगळ्यात भारी असतात, आणि ते ज्याने राखून ठेवले त्यालाच मिळतात. मध्ये मध्ये साधं पाणी प्या, जेवढी बिअर त्याच्या दुप्पट.

मला नुसता दारूचा वास येतोय, बाकी काहीच नाही. काय शोधू?

इंग्रजी पुस्तकातली फळं शोधू नका. प्लम, फिग, शेरी असं लिहिलेलं असतं, आणि शेरी आपल्यापैकी किती जणांनी हुंगलीय? आपल्या घरातलं शोधा. काळा खजूर, भिजवलेल्या मनुका, सुकं अंजीर. काकवी. चिक्कीचा पाक जरा पुढे गेला की येतो तो करपट-गोड वास. तव्यावर भाकरीचा पापुद्रा भाजला जातो तो. चिंचगुळाची आमटी पण एकाने सांगितली होती, लोक हसले, पण मला ते पटलं, गोडामागे हलका आंबटपणा होता त्या बाटलीत. आणि ज्यांनी धडगाव-अक्कलकुव्याकडे मोहाची वाळत घातलेली फुलं हुंगलीत त्यांना जुन्या इंग्लिश बार्लीवाईनमध्ये ती हमखास सापडतात, मनुकेसारखा पण जरा जास्त उग्र, जरा जंगली. ही माझी सगळ्यात आवडती खूण. बाटली बॅरलमध्ये मुरवलेली असेल तर व्हॅनिला, सुकं खोबरं आणि ओल्या लाकडाचा वास येईल, बहुतेक वेळा आधी बर्बन व्हिस्की भरलेलं पिंप असतं ते.

केळीचा वास येतोय. जळगावची म्हणून चेष्टा करताय का?

नाही, खराच येऊ शकतो. आयसोअमाइल ॲसिटेट म्हणून रसायन आहे, पिकलेल्या केळाच्या वासात मुख्य तेच, आणि यीस्ट पण आंबवताना तेच बनवतं, उष्णता जास्त झाली की जास्त बनवतं. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये मुद्दाम ठेवतात. बार्लीवाईनमध्ये पुसटसा चालतो, पण ग्लास नाकाशी नेला आणि रावेरच्या केळीच्या ट्रकमागे उभं राहिल्यासारखं वाटलं तर आंबवताना गरम झालेलं आहे. नेलपॉलिश किंवा थिनरचा वास आला तरी तीच शंका घ्यायची. अशी बिअर दुसऱ्या दिवशी डोकं जास्त धरते असं आमच्या ग्रुपचं मत आहे, त्याला पुरावा म्हणाल तर आमची डोकी.

ओल्या पुठ्ठ्याचा वास?

हवा आणि उष्णता लागली. याचं माझ्याकडे पाप आहे.

एक बाटली मी तीन वर्षं मुरवायची ठरवलं. मोठ्या तोऱ्यात. फ्रिजमध्ये बायको जागा देईना म्हणून माळ्यावर ठेवली, जुन्या गोधडीत गुंडाळून. पत्र्याखालचा माळा, दोन उन्हाळे गेले, बाहेर ४५ डिग्री तर माळ्यावर किती असेल तुम्हीच बघा. तिसऱ्या हिवाळ्यात सगळ्यांसमोर उघडली. भिजलेलं खोकं आणि सोया सॉस. मामेभावाने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे ग्लास बांधावर ओतला. तो काही बोलला नाही तेच जास्त लागलं.

मग मुरवायची कशी? म्हणतात की वर्षानुवर्षं टिकते.

टिकते, पण कुठे ते बघा. डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप कंपनीने १९६८ साली 'थॉमस हार्डीज एल' काढली, ती २५ वर्षं ठेवता येते असं सांगून विकायचे. पण तिकडचं तळघर वर्षभर १२-१३ डिग्रीला असतं. खान्देशात तसं काही नाही, जुन्या वाड्यांची बळदं होती ती पण बुजवली. आपल्याकडे एकच जागा, फ्रिजमधला भाजीचा कप्पा, तिथे जरा कमी गार असतं. उभी ठेवा, आडवी नको. कागदात गुंडाळा, उजेडाने हॉप्सचं रसायन बिघडतं आणि कुजका वास येतो, तपकिरी बाटली थोडी वाचवते, हिरवी आणि पांढरी नाही.

मुरल्यावर कडूपणा उतरतो, अल्कोहोलची धार बोथट होते, खजूर-मनुका वर येतात. अमेरिकन असेल तर हॉप्सचा वास पहिल्या वर्षभरातच बराच जातो, म्हणून ती ताजी प्या किंवा मग सरळ तीन-चार वर्षं विसरून जा, मधल्या काळात ती धड ना इकडची ना तिकडची. दोन सारख्या बाटल्या असतील तर एक आता उघडा, एक पुढच्या वर्षी. ८ टक्क्यांच्या खालची बिअर मुरवायच्या भानगडीत पडू नका.

सोबत शेवभाजी चालेल का?

नाही. मला माहितीय तुम्हाला वाईट वाटणार, पण नाही. अल्कोहोलने तिखट अजून पेटतं, आणि आपला काळा मसाला त्या बिअरला जिवंत गाडतो. नंदुरबारच्या मिरचीपुढे इंग्लंड काय टिकणार.

भरीत चालतं, पण मिरची निम्मी. धुराचा वास आणि माल्टचा भाजका वास एकमेकांना धरून राहतात, सोबत कळण्याची पुरी किंवा भाकरी, कच्चा कांदा लांब ठेवा. भाजलेले शेंगदाणे मीठ न लावलेले. चिक्की. आणि खरं सांगू, एका वर्षी काकूंनी पुरणाचे मांडे पाठवले होते, त्या गरम मांड्याचा तुकडा आणि वर एक घोट, त्यानंतर दोन मिनिटं शेतात कोणी बोललं नाही. तिकडे लोक हिच्यासोबत निळ्या बुरशीचं स्टिल्टन चीज खातात, मामेभाऊ एकदा घेऊन आला होता, चव चांगली होती पण वासामुळे कुत्रंसुद्धा जवळ आलं नाही.

बर्फ? सोडा?

हात लावून बघा.

इकडे मिळते कुठे?

आपल्या देशात बिअरला ८ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे खरी १०-११ वाली जळगाव-धुळ्याच्या दुकानात मी तरी बघितली नाही. परदेशातून येणाऱ्याला माणशी २ लिटर दारू कस्टम ड्युटीशिवाय आणता येते, म्हणजे ३३० च्या सहा बाटल्या. त्यात आमचा मामेभाऊ सासऱ्यांची स्कॉच पण बसवतो, म्हणून आमच्या वाट्याला चारच.

एक गोष्ट नीट ऐका. येणाऱ्याला मुंबईमार्गेच यायला सांगा. सुरतला उतरून ताप्ती लाईनने येणं जवळ पडतं हे खरं, पण गुजरातमध्ये दारूबंदी आहे, आणि नवापूर स्टेशन तर अर्धं गुजरातेत अर्धं महाराष्ट्रात, प्लॅटफॉर्मवर चालता चालता राज्य बदलतं. तिथे बाटलीसकट बाकावर बसून राज्याची हद्द शोधायची वेळ येऊ देऊ नका. आणि इथे प्यायचं परमिट काढून ठेवा. महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, ही नावाला बिअर असली तरी कडकच, म्हणून आमच्या पार्टीत २५ च्या खालच्याला भरीत मिळतं, ग्लास मिळत नाही.

शुगर आहे मला, थोडी चालेल?

डॉक्टरला विचारा, मला नको. न आंबलेली साखर भरपूर असते, छोट्या बाटलीत ३०० च्या आसपास कॅलरी. गोळ्या चालू असतील तर नुसता वास घ्या, तो पण कमी नाही.

गाडी चालवून घरी जाऊ ना? एवढीशी तर प्यायली.

किल्ल्या आल्या आल्या काकांकडे द्यायच्या. ते सकाळी चहा झाल्यावर परत देतात. ओटा मोठा आहे, गोधड्या भरपूर आहेत (माळ्यावरची ती एक सोडून).

बाटली उघडली आणि उरली तर?

टोपण घट्ट लावून फ्रिजमध्ये, दुसऱ्या रात्रीपर्यंत बरी राहते, गॅस जातो पण हिला तसाही कमीच असतो. अजून एक, ग्लास रात्रीच धुवू नका. दोन थेंब तळाला वाळू द्या आणि सकाळी उठल्यावर रिकामा ग्लास हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, त्याच्याआड लपलेलं सगळं तेव्हा स्वच्छ येतं, मोहाची फुलं मला पहिल्यांदा तशीच सापडली, बाजेवर बसून, तोंड न धुता.